ड्रमविना ठेका : रॉकचे जुने गाणे आणि ब्लूग्रास

गेल्या अंकातील या सदरात ब्रूस हॉर्न्सबी या अमेरिकी पियानोवादक-गायकाचा ओझरता उल्लेख आला होता. १९८६ साली निघालेले ‘मँडोलिन रेन’ हे आपलेच गाजलेले गाणे त्याने वीस वर्षांनी रिकी स्कॅग्ज या गायक-मँडोलिनवादकाच्या बँडबरोबर ब्लूग्रास या अमेरिकी तंतुवाद्यप्रधान संगीताच्या पद्धतीने पुन्हा ध्वनिमुद्रित केले, एवढेच एक वाक्य तेथे होते. त्या वाक्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. काही वाचकांना ब्लूग्रास म्हणजे नेमके काय हे जाणून घ्यायचे आहे, काहींना जुन्या गाण्याला हात लावण्याची कल्पनाच पटलेली नाही, तर एका वाचकाने गणपतीच्या मिरवणुकीतील बेंजोचा विषय काढला आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : ब्लूग्रास हे अमेरिकेतील डोंगराळ भागाचे लोकसंगीत आहे, असे वाचनात आले. मग रॉकचा कलावंत त्याकडे वळतो तेव्हा तो मुळाकडे परत जातो, असे म्हणावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ‘मुळाकडे परत जाणे’ हे वर्णन ऐकायला गोड असले, तरी ब्लूग्रासच्या बाबतीत ते जपून वापरावे लागते. ज्या अर्थाने ओवी किंवा भारूड लोकसंगीत आहे, त्या अर्थाने ब्लूग्रास लोकसंगीत नाही. ते व्यावसायिक रंगमंचावर आणि रेडिओवर घडलेले संगीत आहे, त्याचा घडवणारा कोण हे ठाऊक आहे आणि त्याचा काळही बऱ्याच अचूकपणे सांगता येतो. केंटकी राज्यातील रोझीन या खेड्यात १९११ साली जन्मलेला बिल मन्रो हा मँडोलिनवादक १९३९ साली नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. त्याच्या बँडचे नाव ‘ब्लू ग्रास बॉइज’ होते आणि पुढे त्याच नावावरून साऱ्या शैलीला नाव मिळाले. तथापि आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो त्याचा नाद पूर्ण झाला तो १९४५च्या डिसेंबरमध्ये, जेव्हा अर्ल स्क्रग्ज हा उत्तर कॅरोलिनाचा तरुण आपला पाच तारांचा बँजो घेऊन त्या बँडमध्ये आला. अंगठा आणि दोन बोटे यांवर नख्या चढवून तो इतक्या वेगाने आणि इतक्या स्वच्छपणे वाजवीत असे, की तोपर्यंत विनोदी नकलाकाराचे वाद्य समजला जाणारा बँजो एकदम बँडचा कणा बनला. स्कॉटिश-आयरिश फिडलच्या चाली, आफ्रिकी वंशाच्या गुलामांनी अमेरिकेत आणलेला बँजो, चर्चमधील समूहगायन आणि कृष्णवर्णीयांचे ब्लूज हे घटक जुने खरे, परंतु त्यांची मांडणी मन्रोची आहे.

यातून एक गंमत निघते. ब्लूग्रास आणि रॉक यांच्या वयात जेमतेम दहा वर्षांचे अंतर आहे, आणि सुरुवातीपासून त्यांची ये-जा दोन्ही दिशांनी चालू आहे. मन्रोने १९४६ साली ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे गाणे तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये ध्वनिमुद्रित केले होते. जुलै १९५४ मध्ये एकोणीस वर्षांच्या एल्विस प्रेस्लीने मेम्फिसच्या सन स्टुडिओत ते चार मात्रांच्या उडत्या चालीत गायले आणि त्याच्या पहिल्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर ते आले. आपल्या भाषेत सांगायचे तर दादऱ्यातले गाणे केरव्यात गेले. मन्रोला राग यावा असाच हा प्रसंग होता, पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्याने स्वतःच ते गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले. त्याची सुरुवात त्याने आपल्या जुन्या संथ वॉल्ट्झमध्ये ठेवली आणि नंतर एल्विसच्या धर्तीवर ते चार मात्रांत धावते केले. म्हणजे आपले जुने गाणे नव्या शैलीत पुन्हा सादर करण्याचा पायंडा खुद्द ब्लूग्रासच्या जनकाने घातला आहे, आणि तोही रॉकच्या बाजूने. हॉर्न्सबी त्याच वाटेने उलट दिशेला चालत आला, इतकेच.

प्रश्न : मी तबला शिकते. ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतात असे समजले. तालवाद्याशिवाय लय कोण सांभाळते, आणि रॉकच्या गाण्यातून ड्रम काढून घेतल्यावर नेमके काय बदलते? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आपला प्रश्न या विषयाच्या गाभ्याला हात घालणारा आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

ब्लूग्रासच्या बँडमध्ये साधारणपणे मँडोलिन, पाच तारांचा बँजो, फिडल म्हणजे व्हायोलिन, साधा अकूस्टिक गिटार आणि उभा बास ही वाद्ये असतात, काही बँडमध्ये मांडीवर आडवा ठेवून लोखंडी पट्टीने वाजवायचा डोब्रोही असतो. चार मात्रांचे आवर्तन धरले, तर उभा बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनवादक चारही जोडतारांवर एक आघात करतो आणि लगेच डाव्या हाताची बोटे सैल सोडून तो नाद तोडतो. त्यामुळे सुरापेक्षा ‘चक्’ असा कोरडा टोलाच ऐकू येतो. याला ते लोक ‘चॉप’ म्हणतात. रॉकमध्ये जे काम स्नेअर ड्रम करतो तेच हा चॉप करतो, फक्त तो एका स्वरवाद्यातून काढलेला असतो. या दोन आघातांच्या मधली जागा बँजो भरतो. त्याची बोटे ठरावीक क्रमाने तारांवर फिरत राहतात, त्या क्रमाला ‘रोल’ म्हणतात. बँजोची पाचवी तार आखूड असते आणि ती वरच्या एकाच स्वरात सतत वाजत राहते, हे सतारीच्या चिकारीवरून आपल्या सहज ध्यानात येईल. गिटारवादक खर्जाचा स्वर आणि तारांवरचा झटका यांची जोड लावतो. अशा रीतीने ठेका कोणा एकाच्या हाती नसून पाचजणांत वाटलेला असतो, आणि एकाने हात ढिला सोडला की सगळी इमारत डुगडुगते.

आता रॉकच्या गाण्याकडे वळू. ड्रम, विद्युत बास आणि ऐंशीच्या दशकात आलेले सिंथेसायझर यांमुळे गाण्याखाली एक अखंड थर तयार होतो. दोन ओळींमध्ये गायक थांबला तरी तो थर थांबत नाही, म्हणून तेथील शब्दांना आणि चालीला स्वतःचे वजन पेलण्याची फारशी गरज पडत नाही. बँजो, मँडोलिन आणि गिटार यांचा स्वर मात्र छेडल्याक्षणी विझू लागतो. लांबवलेला स्वर हवा असेल तर तो फिडलने द्यायचा किंवा माणसाच्या गळ्याने. साहजिकच जी गाणी केवळ त्या थरावर उभी होती ती ब्लूग्रासमध्ये आणताच कोसळतात, आणि ज्यांची चाल मुळातच पक्की होती ती अधिक उघडी आणि अधिक धारदार होऊन समोर येतात. माझ्या मते रॉकचे गाणे ब्लूग्रासमध्ये आणण्याचे सारे मोल या एका कसोटीत आहे. नुसती वाद्ये बदलणे सोपे आहे. त्या वाद्यांना पेलेल अशी गाण्याची फेरबांधणी करणे हे खरे काम आहे, आणि ते फार थोडे कलावंत करतात.

प्रश्न : ‘मँडोलिन रेन’ची दोन्ही रूपे ऐकली. दुसरे ऐकताना हे तेच गाणे आहे यावर क्षणभर विश्वास बसेना. त्यात बदलले तरी काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या कानांनी जे टिपले ते अगदी बरोबर आहे, कारण बदल वरवरचा नाही. मूळ गाणे मेजर स्केलमध्ये आहे, २००७ मध्ये आलेले रूप मायनरमध्ये आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर शुद्ध गंधाराची जागा कोमल गंधाराने घेतली आणि त्याबरोबर खालच्या सगळ्या स्वरसंगती बदलल्या. शब्द तेच आहेत, चालीचा आराखडाही ओळखू येतो, परंतु भाव पालटला आहे.

हे का साधले, हे समजण्यासाठी गाण्याचा विषय थोडक्यात सांगायला हवा. ते हॉर्न्सबीने आपला भाऊ जॉन याच्यासह लिहिले. उन्हाळा सरताना संपून गेलेल्या एका प्रेमाची ती आठवण आहे. पाऊस चुकवण्यासाठी जत्रेच्या तंबूत आडोसा घेतलेले दोघे, गार संध्याकाळ, नाच आणि शेवटचे गाणे होईपर्यंत तेथे वाजत असलेला ब्लूग्रास बँड अशी दृश्ये त्यात आहेत. म्हणजे ब्लूग्रास त्या गाण्यात पहिल्या दिवसापासून हजर होते, पण देखावा म्हणून. १९८६च्या ध्वनिमुद्रणात पियानो, सिंथेसायझर आणि त्या काळच्या धाटणीचे ड्रम आहेत, त्यांच्या मागे तो जत्रेतला बँड कोठेतरी दूर वाजतो आहे असे श्रोत्याने कल्पायचे. गाण्याचा नायक तरुण आहे, दुःख ताजे आहे, मात्र मेजर स्केलमुळे त्या दुःखाला एक सुखद ऊब आहे. रेडिओला अशी ऊब आवडते, आणि १९८७ साली हे गाणे ‘बिलबोर्ड’च्या मुख्य यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

वीस वर्षांनी गाणाऱ्याने पन्नाशी ओलांडलेली आहे. आता दूरचा बँड त्याच्या शेजारी येऊन बसला आहे, त्याचे नाव ‘केंटकी थंडर’, आणि मँडोलिन रिकी स्कॅग्जच्या हाती आहे. मायनरमध्ये गेल्यावर ती ऊब निघून जाते आणि उरते ते निव्वळ गेलेल्या गोष्टीचे भान. केंटकी आणि व्हर्जिनियाच्या डोंगरांतील जुन्या शोकगीतांचा जो कोरडा, उंच, एकाकी स्वर आहे, त्याच्या शेजारी हे गाणे आता शोभते. केवळ बँजो घालून मूळ गाणे भरधाव वाजवले असते तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी ते विसरले असते. हॉर्न्सबीने स्केलला हात घातला, म्हणून हा प्रयोग गंभीरपणे घ्यावा लागतो.

त्याच ध्वनिमुद्रिकेत १९९० सालच्या त्याच्या ‘अ नाइट ऑन द टाउन’ या गाण्याचेही नवे रूप आहे. ते चांगले आहे, पण तेथे एवढी उलथापालथ नाही.

प्रश्न : हॉर्न्सबी मुळात पियानोवादक आहे. पियानो ब्लूग्रासमध्ये चालतो का? कट्टर मंडळी नाके मुरडत नाहीत का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : मुरडतात. परंतु त्यांच्यासमोर ठेवायला एक जुना दाखला आहे. १९४५च्या फेब्रुवारीत, म्हणजे स्क्रग्ज येण्याच्या काही महिने आधी, मन्रोने जी गाणी ध्वनिमुद्रित केली त्यांत सॅली अ‍ॅन फॉरेस्टर ही अकॉर्डियन वाजवीत होती. पट्ट्यांचे वाद्य खुद्द संस्थापकाच्या बँडमध्ये असताना पुढच्या पिढीने शुद्धतेच्या नावाखाली दार लावून घ्यावे, हे मानवी स्वभावाला धरूनच आहे. आपण मिरजेचे असल्यामुळे आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीवर घातलेली बंदी आणि त्यावरचे वादविवाद आपल्याला वेगळे सांगायला नकोत.

वाद्याच्या अंगाने पाहिले तर पियानोची अडचण वेगळीच आहे. त्याची व्याप्ती मोठी असल्यामुळे डावा हात बासच्या जागेत शिरतो आणि उजवा हात बँजो व मँडोलिनच्या. जॅझमध्ये तयार झालेल्या वादकाला तर बोटे आवरणे आणखी कठीण, आणि हॉर्न्सबीचे शिक्षण मायामी विद्यापीठात मुख्यतः जॅझच्या वातावरणात झालेले आहे. स्कॅग्जबरोबर वाजवताना तो बराच वेळ संयम पाळतो, इतरांना जागा देतो, आपली फेरी आली की मात्र असे काही स्वर घेतो की जे केंटकीच्या डोंगरात कधी ऐकू आले नसतील. काही ठिकाणी, विशेषतः २०१३च्या ‘क्लक ओल हेन’ या प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेत, मला ते जरा जास्त वाटते. पण या माणसाची कल्पनाशक्तीच तशी आहे. १९९५ सालच्या त्याच्या ‘हॉट हाउस’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर जॅझचा चार्ली पार्कर आणि ब्लूग्रासचा बिल मन्रो एकत्र वाजवीत बसले आहेत असे चित्र आहे. प्रत्यक्षात न घडलेली ती मैफल घडवण्याचा प्रयत्न तो आयुष्यभर करीत आला आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

प्रश्न : स्पष्ट लिहितो, राग नसावा. उमेदीच्या काळात ढणढणाट करून पैसा मिळवायचा आणि उतारवयात बँजो-फिडल घेऊन ‘साधेपणा’ विकायचा, असा हा धंदा आहे. रॉकवाल्यांच्या या मातीच्या ओढीत खरे किती आणि जाहिरात किती? (एक ज्येष्ठ वाचक, पुणे)

उत्तर : राग येण्याचे कारण नाही, शंका रास्त आहे. बाजार त्यात आहेच. अमेरिकेत ‘पिकिन ऑन’ या नावाने नामवंत रॉक बँडच्या गाण्यांची ब्लूग्रास रूपे पुरवणारी ध्वनिमुद्रिकांची मोठी मालिका निघाली. त्यातील वादक तयारीचे असतात, परंतु ऐकताना पुष्कळदा असे वाटते की गाणे बदलले नसून त्याचा फक्त पोशाख बदलला आहे. २००१ साली एका मंडळीने हेवी मेटलची गाणी बँजोवर वाजवून लोकांना हसवले. तो विनोद होता, आणि विनोद म्हणून उत्तम होता.

परंतु आपण ‘उतारवयात’ म्हणता, तेथे थोडी दुरुस्ती सुचवतो, कारण यांतील कित्येकजण रॉकच्या आधी ब्लूग्रासमध्येच होते. ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा जेरी गार्सिया हा मुळात बँजोवादक. १९६४ साली, तो बँड निघण्यापूर्वी, तो एका मित्राबरोबर कॅलिफोर्नियाहून मोटारीने निघून पूर्वेकडे ब्लूग्रासच्या मैफली टेपवर उतरवीत हिंडला, आणि मन्रोच्या बँडमध्ये आपल्याला प्रवेश मिळावा ही आशा त्याच्या मनात होती. रॉकमध्ये कीर्ती मिळाल्यावर १९७३ साली त्याने डेव्हिड ग्रिसमन, पीटर रोवन, वासार क्लेमंट्स आणि जॉन कान यांच्यासह ‘ओल्ड अँड इन द वे’ हा बँड काढला, तेव्हा तो अवघा तीस वर्षांचा होता. त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत रोलिंग स्टोन्सचे ‘वाइल्ड हॉर्सेस’ही आहे. द बर्ड्स या रॉक बँडचा बासवादक क्रिस हिलमन हाही आधी ब्लूग्रासचा मँडोलिनवादक होता. अशांना ढोंगी म्हणणे अन्यायाचे होईल.

जॉन फोगर्टीची गोष्ट निराळी. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायवल हा त्याचा रॉक बँड फुटल्यावर १९७३ साली त्याने ‘ब्लू रिज रेंजर्स’ नावाने जुनी कंट्री आणि भक्तिगीते ध्वनिमुद्रित केली. नाव बँडचे असले तरी सगळी वाद्ये तो एकटाच वाजवीत होता. २००९ मध्ये त्याच नावाखाली, या वेळी खऱ्याखुऱ्या साथीदारांसह, त्याने आपलेच १९८६ सालचे ‘चेंज इन द वेदर’ पुन्हा गायले. मूळ ध्वनिमुद्रण यंत्रांच्या आवाजाने भरलेले होते, नव्या रूपात गाणे मोकळा श्वास घेते. शैली मात्र कंट्री रॉकची आहे, ब्लूग्रासची नव्हे, हेही नोंदवतो.

लेड झेपेलिन या रॉक बँडचा गायक रॉबर्ट प्लँट याच्याबद्दलही दोन-तीन पत्रांत विचारणा आहे. प्लँट आणि ब्लूग्रासची गायिका-फिडलवादक अ‍ॅलिसन क्राउस यांची ‘रेझिंग सँड’ ही ध्वनिमुद्रिका २००७ मध्ये आली आणि २००९ च्या फेब्रुवारीत तिने वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेसह पाच ग्रॅमी पुरस्कार मिळवले. तिच्यातील ‘प्लीज रीड द लेटर’ हे गाणे प्लँटने आणि जिमी पेजने १९९८ सालच्या आपल्या ध्वनिमुद्रिकेत गायलेले होते. तेव्हा ते फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही, आणि क्राउसबरोबर गायल्यावर मात्र त्याला ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चा मान मिळाला. ही ध्वनिमुद्रिका काटेकोर अर्थाने ब्लूग्रास नाही, तिच्यात ड्रम आहेत आणि विद्युत गिटारही आहेत. पण क्राउसकडून प्लँटला जी गोष्ट शिकावी लागली ती अस्सल ब्लूग्रासची आहे, आणि ती म्हणजे दुसऱ्याच्या स्वराला स्वर जोडणे. मुख्य गायकाच्या वर टेनर, खाली बॅरिटोन असे आवाज ब्लूग्रासमध्ये ठरलेल्या अंतराने एकमेकांना चिकटून चालतात. कोणी मधेच आपली हरकत घेतली तर सगळा बंध सुटतो. पस्तीस-चाळीस वर्षे एकट्याने आकाश दणाणून सोडणाऱ्या गायकाने साठीच्या उंबरठ्यावर हे पथ्य पाळणे ही जाहिरातीसाठी करण्यासारखी गोष्ट नाही, कारण त्यात पडण्याचा धोका फार आहे. दौऱ्यावर ते दोघे झेपेलिनचे ‘ब्लॅक डॉग’ बँजोच्या साथीवर, दबक्या आवाजात गात असत. तेथे किंकाळी नाही, आणि नसल्यामुळेच गाण्यातील धमकी जास्त जाणवते.

प्रश्न : गणपतीच्या मिरवणुकीत आमच्याकडे जो बेंजो वाजतो, तोच हा का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही. मुंबई-कोकणातील बेंजो पार्टीत मुख्यतः वाजतो तो बुलबुलतरंगाच्या जातीचा, टंकयंत्रासारखी बटणे असलेला आणि हल्ली विजेवर चालणारा प्रकार. त्याचे मूळ जपानच्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. अमेरिकी बँजोला गोल चौकट, तिच्यावर ताणलेले पडदेवजा आवरण आणि लांब मान असते. त्याचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतील आहेत. मँडोलिन मात्र दोन्हीकडे तेच आहे. चार जोडतारांचे हे वाद्य हिंदी चित्रपटसंगीतात आपल्या पूर्ण परिचयाचे आहे. संगीतकार सज्जाद हुसेन यांचे मँडोलिनवरील प्रभुत्व प्रसिद्ध आहे, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर यांची सुरुवातही मँडोलिनवादक म्हणून झाली. फरक एवढाच की आपल्याकडे ते वाद्य स्वर थरथरवत लांबवण्यासाठी वापरले गेले, मन्रोने त्यातून ठेका काढला.

प्रश्न : आम्ही उत्तर कॅरोलिनात राहतो. शेजारच्या रॅली शहरात २०१३ पासून काही वर्षे ब्लूग्रासचा मोठा वार्षिक मेळावा भरत असे, तेथे हॉर्न्सबीच्या ग्रॅमीविषयी दोन जुन्या श्रोत्यांचा कडाक्याचा वाद ऐकला. रॉकच्या माणसाला ब्लूग्रासचा पुरस्कार मिळाला, हे खरे आहे का? (एक वाचक, केरी)

उत्तर : खरे आहे, आणि तो वाद अजून जिवंत आहे हे वाचून मौज वाटली. ‘मँडोलिन रेन’च्या नव्या रूपापूर्वी जवळजवळ अठरा वर्षे ही गोष्ट घडली. निटी ग्रिटी डर्ट बँड या कॅलिफोर्नियाच्या तरुणांनी १९७१ च्या ऑगस्टमध्ये नॅशव्हिलला जाऊन मेबेल कार्टर, अर्ल स्क्रग्ज, डॉक वॉटसन, जिमी मार्टिन अशा ज्येष्ठांबरोबर ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’ हा तीन तबकड्यांचा संच ध्वनिमुद्रित केला. केस वाढवलेली रॉकची पिढी आणि टाय बांधणारी जुनी पिढी एका खोलीत बसण्याचा तो प्रसंग अमेरिकेच्या संगीतात महत्त्वाचा मानला जातो. मन्रोने मात्र त्यात भाग घेतला नाही. १९८९ मध्ये त्या संचाचा दुसरा भाग निघाला आणि त्यात हॉर्न्सबीने आपले आदल्याच वर्षी गाजलेले ‘द व्हॅली रोड’ हे गाणे त्या बँडबरोबर नव्याने गायले.

ग्रॅमी पुरस्कारांत ब्लूग्रासचा स्वतंत्र विभाग तेव्हा नुकताच सुरू झाला होता. १९८९ मध्ये पहिला मान, अर्थातच, बिल मन्रोला मिळाला. १९९० मध्ये दुसरा मिळाला तो ‘द व्हॅली रोड’ला. १९९१ मध्ये तिसरा मिळाला तो तेव्हा विशीही न ओलांडलेल्या अ‍ॅलिसन क्राउसला. जनक आणि त्याच्या परंपरेची सर्वात यशस्वी वारसदार यांच्या मधोमध हा रॉकचा पियानोवादक बसलेला पाहून कट्टर श्रोत्यांचा जीव खालीवर झाला असल्यास नवल नाही.

तरीही त्या निवडीच्या बाजूने एक गोष्ट सांगता येते. ‘द व्हॅली रोड’ ही कथा आहे. दक्षिणेतील श्रीमंत जमीनदाराची मुलगी, तिचा कष्टकरी प्रियकर, तिचे काही महिने गावाबाहेर पाठवले जाणे आणि गावाने सारे समजून न समजल्यासारखे वागणे, असे तिचे कथानक आहे. डोंगराळ भागातील जुन्या कथागीतांत नेमके हेच विषय असतात, कोणीतरी कुजबुजते आणि कोणीतरी गप्प बसते. १९८८च्या मूळ ध्वनिमुद्रणात ही कथा पियानोच्या झगमगाटात बरीचशी वाहून गेली होती, आणि नाचणाऱ्या किती लोकांनी शब्दांकडे लक्ष दिले असेल याची शंकाच आहे. डर्ट बँडबरोबर ती कथा पुन्हा ऐकू आली. आपल्या त्या दोन श्रोत्यांपैकी शैलीच्या व्याख्येवर बोट ठेवणारा बरोबर होता आणि गाण्याच्या स्वभावावर बोट ठेवणाराही बरोबर होता. पुरस्काराचा विभाग शैलीचा होता, त्यामुळे कागदावर पहिला जिंकतो.

रॅलीचा मेळावा २०२४ नंतर तेथून हलला असला, तरी आपल्याच राज्यातील विल्क्सबरो येथे डॉक वॉटसनने आपला मुलगा मर्ल याच्या स्मरणार्थ १९८८ साली सुरू केलेला ‘मर्लफेस्ट’ आहे. तेथे ब्लूग्रासबरोबर इतर शैलींनाही स्थान असते.

प्रश्न : आम्हाला रॉकची फारशी ओळख नाही, शास्त्रीय संगीत ऐकतो. ब्लूग्रासच्या वाटेला कोठून जावे? आणि हॉर्न्सबीच्या जुन्या-नव्या रूपांपैकी आपली पसंती कोणती, तेही सांगावे. (एक दांपत्य, ठाणे)

उत्तर : आपल्यासाठी सर्वात जवळचे दार झाकीर हुसेन यांचे आहे. बँजोवादक बेला फ्लेक, बासवादक एडगर मायर आणि झाकीरभाई यांनी २००९ मध्ये ‘द मेलडी ऑफ रिदम’ ही ध्वनिमुद्रिका केली. पुढे राकेश चौरसिया यांच्या बासरीसह २०२३ मध्ये ‘अ‍ॅज वी स्पीक’ आली आणि २०२४ च्या ग्रॅमी समारंभात तिला दोन पुरस्कार मिळाले. हे संगीत ब्लूग्रास नव्हे, पण स्क्रग्जने घडवलेला बँजो तबल्याशेजारी कसा बोलतो हे त्यातून कळते. त्यानंतर १९४६-४७च्या सुमारास मन्रो, स्क्रग्ज आणि त्याच बँडमधील गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅट यांनी केलेली ध्वनिमुद्रणे ऐकावीत. ती जुनी आणि खरखरीत आहेत, तरी कान एकदा सरावला की त्यांतील वेग आणि शिस्त थक्क करते. मग हॉर्न्सबीकडे यावे, आणि प्रत्येक गाण्याचे मूळ रूप आधी ऐकून मगच नवे ऐकावे, नाहीतर काय सोडले आणि काय राखले ते ध्यानात येणार नाही.

पसंतीचे म्हणाल, तर ‘मँडोलिन रेन’ यापुढे मी मायनरमध्येच ऐकेन. ‘द व्हॅली रोड’ची कथा डर्ट बँडबरोबर अधिक स्पष्ट होते हे वर लिहिलेच आहे, पण पियानोवरची ती मूळ घोडदौड मला सोडवत नाही, आणि तेथे माझा कौल १९८८ लाच आहे. ‘द वे इट इज’ हे त्याचे सर्वात प्रसिद्ध गाणेही ‘क्लक ओल हेन’मध्ये स्कॅग्जच्या बँडबरोबर आहे. वर्णभेदावरचे ते गाणे १९८६च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. त्याची पियानोची सुरावट इतकी घट्ट विणलेली आहे की बँजो आणि मँडोलिनला त्यात शिरायला फट सापडत नाही, ते कडेने फिरत राहतात. त्या गाण्याची फेरबांधणी व्हायची अजून बाकी आहे असे मला वाटते.